गोधडी

मार्गशीर्ष उजाडला आणि डोंगराकडून येणारा वारा अंगाला बोचू लागला, की खेड्यापाड्यांतील घरांत माळ्यावरच्या आणि वळणीवरच्या गोधड्या खाली येतात. दिवसभर त्या अंगणात उन्हात पडतात आणि रात्री त्यांच्या पोटात साठलेले ऊन घरातील माणसांच्या अंगावर येते. कोठे हिला गोधडी म्हणतात, कोठे वाकळ म्हणतात. कर्नाटकाच्या सीमेलगत कौदी हा शब्दही कानी पडतो. संस्कृतातील कंथा ती हीच. नावे निरनिराळी असली तरी वस्तू एकच आहे: जुन्या कापडांचे थर एकावर एक अंथरून, हाताने धावदोरा घालून शिवलेले पांघरूण.

गोधडीला लागणारा माल बाजारात मिळत नाही. तो घरातच वर्षानुवर्षे तयार होत असतो. नवे लुगडे प्रथम सणावारी नेसावयाचे; त्याची नवलाई उतरली म्हणजे ते रोजच्या वापरात यावयाचे; पुढे पदर विरला, काठ फाटला, की ते शेतातल्या कामाला लागावयाचे. अशी तीन आयुष्ये भोगून झाल्यावर त्याला जुनेर म्हणतात. या अवस्थेत त्याची किंमत संपली असे अजाण माणसास वाटते. परंतु गोधडी शिवणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते आता कोठे उपयोगी पडू लागलेले असते. नव्या सुती कापडात खळ असते, त्यामुळे ते ताठ आणि खरखरीत लागते. शेकडो वेळा धुतल्यावर ती खळ निघून जाते, सुताचा पीळ सैल होतो आणि कापड मऊ पडते. तान्ह्या मुलासाठी दुपटे शिवावयाचे झाले तर आजी नवा तागा उलगडीत नाही, आपले जुने लुगडे शोधते, त्याचे कारण हेच.

लुगड्याची लांबीही या कामाला नेमकी जुळणारी आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार सारख्या घड्या घातल्या, तर प्रत्येक घडी दोन मीटरांहून किंचित मोठी होते. आणि माणसाला पायापासून गळ्यापर्यंत पांघरून वर थोडे खोचावयास तेवढी लांबी पुरते. म्हणजे एका नऊवारी लुगड्यात एका गोधडीचे चार थर आयतेच निघतात. कात्री लावावी लागत नाही. लुगडे फारच विरले असेल, तर दोन लुगड्यांचे धड भाग काढून जोडतात, आणि आतल्या थरांत धोतर, पटका, सदरे, मुलांची आखूड झालेली झबली असे जे हाती येईल ते सपाट करून पसरतात. चार थरांची गोधडी हलकी समजली जाते. डोंगराळ मुलुखात सहा-सात थरांचीही शिवतात.

शिवण्याआधीची तयारी कंटाळवाणी असते, आणि नवशिके तेथेच घाई करतात. सर्व कापडे प्रथम धुऊन कडक उन्हात वाळवावी लागतात. सदऱ्यांच्या गुंड्या, चोळ्यांच्या हुका, खिसे, कॉलर हे सारे उसवून काढावे लागते. कारण आत राहिलेली एक गुंडीसुद्धा रात्रभर पाठीला टोचत राहते. शिवणी उसवून कापड सपाट करावे. जेथे नुसता हात ओढताच कापड टरकते, तो भाग कापून टाकावा. तसल्या कापडावर घातलेला टाका कापडच फाडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नव्या सुती कापडाचा तुकडा जुन्याला जोडावयाचा असेल, तर तो आधी धुऊन घ्यावा. नवे सूत पहिल्या धुण्यात आटते, जुने आटून चुकलेले असते. न धुता जोडले, तर गोधडी पाण्यातून निघताच नवा तुकडा आखडतो आणि शेजारच्या जुन्या कापडाला ओढून फाडतो.

मग अंगण झाडून, सारवून किंवा सतरंजी पसरून तेथे खालचा थर अंथरतात. त्याच्या चारही कोपऱ्यांवर दगड, पाट किंवा वरवंटा ठेवतात, म्हणजे वाऱ्याने तो हलत नाही. त्यावर दुसरा थर, तिसरा थर असे करीत जावे. प्रत्येक थर अंथरल्यावर तळहाताने मधून कडेकडे सारवल्यासारखा हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात. सर्वांत वरचा थर दर्शनी, म्हणून जे कापड सर्वांत धड आणि रंगाने देखणे ते त्यासाठी राखून ठेवलेले असते. शेवटी सर्व थर जागच्या जागी राहावेत म्हणून वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालतात. हे टाके पुढे उसवून टाकावयाचे असतात. तरीही ते टाळून चालत नाही.

आता खरी शिवण. सुई जरा लांब आणि मोठ्या नेढ्याची हवी. परंतु गोणपाट शिवण्याचे दाभण येथे नको, कारण त्याची भोके कापडात तशीच राहतात. बोटावर अंगुस्तान नसेल, तर दुसऱ्या दिवशी सुई धरवत नाही. दोरा पूर्वी घरचाच असे. लुगड्याच्या काठांतील रंगीत सुते ओढून काढावयाची, दोन-तीन एकत्र करून मांडीवर पीळ द्यावयाचा, की झाला भक्कम दोरा! आता रिळे स्वस्त मिळतात, त्यामुळे ही खटपट क्वचितच कोणी करते.

पहिली ओळ कडेने चालते. कडा आत दुमडून, चारही बाजूंनी धावदोऱ्याने फिरून सुई पुन्हा आरंभीच्या कोपऱ्यापाशी येते. तेथून बोटभर आत सरकून दुसरी फेरी, मग तिसरी. अशा रीतीने चौकटीत चौकट उमटत जाते आणि सर्वांत शेवटची अरुंद चौकट गोधडीच्या मध्यावर मिळते. कडेकडून आत येताना वरचे कापड सुईपुढे थोडे थोडे ढकलले जाते. त्याकडे दुर्लक्ष झाले, तर सगळा फुगवटा मध्यावर साचतो आणि तेथे घडी पडते. म्हणून जाणती बाई प्रत्येक फेरीनंतर गोधडी झटकून पुन्हा पसरते आणि हाताने कापड सारखे करते. कच्च्या टाक्यांची किंमत येथे कळते.

या शिवणीत किती टाके पडत असतील, याचा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येण्यासारखा आहे. गोधडी २ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद धरली, तर तिचे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर होते. दोन ओळींमध्ये २ सेंटीमीटर अंतर ठेवले, म्हणजे सगळ्या ओळींची एकूण लांबी सुमारे १२० मीटर भरते. एका सेंटीमीटरला एक टाका या मानाने १२० मीटरांत १२,००० टाके झाले. रोज दुपारी भांडीकुंडी आवरल्यावर ४०० टाके घातले, तरी एका गोधडीला पुरा महिना लागतो. चैत्र-वैशाखात शेतीची कामे थोडी सैलावतात, दिवस मोठा असतो. म्हणून बहुतेक गोधड्या तेव्हाच शिवून होत. एका गोधडीभोवती सासू, सून, जाऊ, शेजारीण अशा चौघी चार बाजूंनी बसल्या म्हणजे काम झपाट्याने उरके आणि गावातील बातम्यांचीही देवघेव होई.

आजही काही स्त्रिया मजुरीने गोधड्या शिवून देतात. त्यांच्याशी घासाघीस करणारे गिऱ्हाईक गोधडीची लांबीरुंदी मोजून पाहते. टाके कोणी मोजीत नाही. कापड तर घरचेच होते, मग एवढी मजुरी कशाची, असेही विचारणारे असतात! ज्याने एकदा तरी हातात सुई घेऊन चार वीत धावदोरा घातला आहे, त्याच्या तोंडून हा प्रश्न निघणार नाही. आणि हे काम मुलींचेच, ही समजूतही तितकीच पोकळ आहे. शिंपी पुरुष असतात. गलबतांची शिडे शिवणारे खलाशीही पुरुषच असत.

गोधडीत ऊब येते कोठून? कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते आणि भोवतालची हवा थंड असली, की ही उष्णता सारखी बाहेर जात राहते. स्थिर हवा ही उष्णतेची मंद वाहक आहे. गोधडीच्या दोन थरांच्या मध्ये, सुताच्या धाग्याधाग्यांमध्ये अशी हवा अडकून राहते. तिला हलता येत नाही, म्हणून अंगाची उष्णता ती सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच एका जाड कापडापेक्षा तेवढ्याच वजनाचे चार पातळ थर अधिक ऊब देतात. दोरा फार आवळून ओढला, तर थर एकमेकांवर दाबले जातात आणि आतली हवा निघून जाते. गोधडी दिसावयास घट्ट, पण पांघरावयास गार होते. यंत्रावर शिवलेली गोधडी थोड्या वेळात तयार होते आणि तिची शिवणही भक्कम असते, हे मान्य केले पाहिजे. मात्र हातशिवणीच्या धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये कापड जे हलकेसे फुगून राहते, ती मऊ लाट यंत्राच्या शिवणीत सहसा येत नाही.

अलीकडे घराघरांत सुती लुगड्यांची जागा नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्यांनी घेतली आहे. त्या लवकर विरत नाहीत, रंगही टिकतो. त्यामुळे गोधड्या आता त्यांच्याही होतात. परंतु हे कापड घाम शोषून घेत नाही, अंगावरून घसरते आणि त्यावर गरम इस्त्री ठेवली तर वितळते. निदान अंगाला लागणारा थर तरी सुती ठेवावा, असे अनुभवी स्त्रिया सांगतात.

चिंध्यांची म्हणून गोधडीला हिणवणारे पुष्कळ भेटतात. वसतिगृहात राहावयास जाणारा मुलगा ट्रंकेत नवे ब्लँकेट मागतो आणि आईने दिलेली गोधडी गादीखाली दडवून ठेवतो, असेही घडते. पण या फाटक्या कापडाची प्रतिष्ठा महाराष्ट्राला नवी नाही. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी पंचीकरणाचा गहन विषय कागदावर न लिहिता एका लांबरुंद पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे पांघरावयाचे जाड सुती वस्त्र. विद्वानाने आपले ज्ञान लिहावयास पांघरूण निवडावे, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. आणि अगदी कालपरवाचे उदाहरण म्हणजे गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६). हातात खराटा, जवळ गाडगे आणि अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र अशा वेशात ते गावोगाव फिरत, दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. या वस्त्रावरून लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत.

महाराष्ट्राबाहेर पाहिले, तर प्रत्येक प्रांताने जुन्या कापडावर आपापला हात चालविलेला दिसतो. बंगालमधील स्त्रिया जुन्या साड्यांचे थर करून त्यांवर कमळे, पक्षी, मासे, झाडे अशी चित्रे धावदोऱ्यानेच भरतात. तिला कांथा म्हणतात. बिहारमध्ये सुजनी आहे. सिंध, राजस्थान आणि कच्छ या भागांत रल्ली शिवतात. तिच्यातील रंगीत चौकोन-त्रिकोणांची मांडणी अशी काटेकोर असते, की भूमितीच्या शिक्षकाने फळ्यावर लावून शिकवावे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या स्त्रियाही मराठी गोधडीप्रमाणे कडेपासून मध्याकडे फेऱ्या घालीत शिवतात आणि शेवटी कोपऱ्यांवर लहान लहान रंगीत तुकड्यांची ‘फुले’ लावतात.

दूर अमेरिकेतील अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका वळणात गीज बेंड नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील बहुतेक रहिवासी कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबविलेल्या लोकांचे वंशज. घरे कुडाची नसली तरी फटींनी भरलेली, हिवाळा कडक आणि पैसा नाही. म्हणून तेथील बायका शेतात झिजलेल्या विजारी, सदरे, धान्याची पोती यांच्या पट्ट्या जोडून गोधड्या शिवीत. १९४२ साली मिझूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या कपड्यांखालीच आपण निजावे, या इच्छेने तिने त्याच्या कामाच्या जुन्या कपड्यांची गोधडी शिवली. तिच्या मुलीने तिला मदत केली. गुडघ्यापाशी झिजून फिकट झालेले निळे कापड, खिसा उसवल्यावर तेथे राहिलेला गडद चौकोन, हे सारे तिने तसेच ठेवले. पुढे २००२ साली ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात गीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा थोरथोर चित्रकारांच्या चित्रांशी लोक त्यांची तुलना करू लागले. शिवणाऱ्या बायकांना मात्र हिवाळ्यात मुले गारठू नयेत एवढीच तेव्हा काळजी होती.

छंद म्हणून आरंभ करणाऱ्याने एकदम पूर्ण गोधडीला हात घालू नये. ४५ सेंटीमीटर लांबीरुंदीचे बसकर पहिल्या प्रयत्नास पुरे. त्यासाठी १५ सेंटीमीटरचे नऊ चौकोन, तीन ओळींत तीन तीन, असे मांडावयाचे. येथे एक फसगत हमखास होते. चौकोन १५ सेंटीमीटरचेच कापले, तर प्रत्येक बाजूचा एक एक सेंटीमीटर शिवणीत जातो, चौकोन १३ सेंटीमीटरचाच उरतो आणि बसकर ३९ सेंटीमीटरचे होऊन बसते. म्हणून प्रत्येक चौकोन १७ सेंटीमीटरचा कापावा. कागदाचा चौकोन कापून तो नमुना म्हणून वापरला, तर नऊही तुकडे सारखे येतात. रंग जुळविताना गडद आणि फिके आलटून पालटून ठेवले, की मांडणी उठून दिसते. आधी तीन तीन तुकड्यांच्या पट्ट्या जोडाव्यात, मग पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात. एकेक चौकोन घेऊन कोपऱ्यात शिवीत बसले, तर रेषा वाकडी होते. हा झाला वरचा थर. खाली जुन्या लुगड्याचे दोन-तीन थर आणि एक अस्तर घालून, कडा आत दुमडून, गोधडीसारख्याच फेऱ्या घालाव्यात. पहिल्या बसकराचे टाके लहानमोठे होणारच. ते उसवीत न बसता दुसरे बसकर शिवावयास घ्यावे.

गोधडीची निगाही राखावी लागते. ती भिजली म्हणजे दोन माणसांना पिळताना दमछाक होते, म्हणून रोज धुण्याची ती वस्तू नव्हे. आठवड्यातून एकदा कडक ऊन दाखविले, की पुष्कळ दिवस भागते. घटस्थापनेपूर्वी घरातील सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची चाल आहे. त्या दिवसांत नदीचे घाट आणि खडक नाना रंगांच्या गोधड्यांनी झाकून जातात. कोणत्या घरात कोणत्या सालच्या लग्नात कोणते लुगडे आले होते, हे त्या खडकावर वाचता येते.

तरीही पाचपंचवीस वर्षांनी गोधडी विरतेच. प्रथम गळ्याकडची कड जाते. तेथे पट्टी लावतात. मग मध्ये ठिगळ बसते, ठिगळावर ठिगळ बसते. अखेर दर्शनी थराला सुई सोसवेनाशी झाली, म्हणजे ती गोधडी पुन्हा एकदा स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून अंगणात पसरतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि घरातले आणखी एक जुनेर आणून तिच्यावर अंथरतात. जुनी गोधडी नवीच्या पोटात जाते. एखाद्या घरात अशी फार जुनी गोधडी उसवून पाहिली, तर आतल्या थरात निळ्या काठाचा एखादा पट्टा सापडतो, आणि तो कोणाच्या लुगड्याचा हे सांगू शकेल अशी एकच म्हातारी घरात उरलेली असते.

अभ्यास

१. नवे कापड न धुता जुन्या गोधडीला का जोडू नये?

२. दोरा फार आवळून शिवलेली गोधडी पांघरावयास गार का लागते, ते कारणासह लिहा.

३. १.५ मीटर लांब व १ मीटर रुंद दुपट्यावर ३ सेंटीमीटर अंतराने ओळी घातल्या आणि दर सेंटीमीटरला एक टाका पडला, तर सुमारे किती टाके होतील?

४. आपल्या किंवा शेजारच्या घरातील एक गोधडी पाहा. तिच्यात कोणाकोणाचे कोणते कपडे आहेत, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.

५. वाक्यांत उपयोग करा : जुनेर, वळणी, धावदोरा, घासाघीस, ठिगळ.